प्लॉट घेण्याआधी माती पाहा



समृद्धी महामार्ग आपल्या जालना व बदनापूर तालुक्यांतून गेला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये खुला झाला. मोबदल्याचा किंवा उसाच्या बिलाचा पैसा प्लॉटात घालण्याकडे बऱ्याच जणांचा कल असतो. सातबारा, अकृषिक आदेश व मंजूर रेखांकन आपण वकिलाला दाखवतो. पण जमीन इंजिनीअरला कोण दाखवतो? म्हणून हा पाठ.

१) माती : जी जमीन उसाला मानवते, ती घराला मानवत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वैशाखात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपल्याला सांगायला नको. तीच माती पायाखाली असली की जोते वर-खाली होते आणि भिंतीला तिरप्या चिरा जातात. म्हणून इसार देण्याआधी प्लॉटात चाचणी खड्डा घ्या. मुरूम किती फुटांवर लागतो ते इंजिनीअरला पाहू द्या.

२) पायाचा खर्च : मुरूम वर असेल तर साधा पाया चालतो. काळी माती खोल असेल तर अंडर-रीम पाइल घ्यावे लागतात. हे खाली कांद्यासारखे फुगीर असलेले काँक्रीटचे खांब साधारण साडेतीन मीटर वा त्याहून खोल नेतात, म्हणजे ओल-वाळीचा त्रास पायाला पोचत नाही. समजा, मुरमाचा प्लॉट आठ लाखांना आणि काळ्या मातीचा सहा लाखांना मिळतो, पण दुसऱ्याच्या पायाला तीन लाख जादा लागतात. मग स्वस्त कोणता? चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!

३) पाणी : नदी-ओढ्याकाठी निळी व लाल पूररेषा कुठून जाते ते विचारा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा नाला बुजवून प्लॉट पाडले असतील, तर पाणी आपली वाट विसरत नाही. एक फेरी भर पावसात मारा.

४) रस्ता : ‘समृद्धीला लागून’ एवढ्यावर भाव देऊ नका. या महामार्गावर वाटेल तिथून चढता येत नाही. ठरलेल्या इंटरचेंजवरूनच जावे लागते. तिथपर्यंतचे अंतर स्वतः गाडीने मोजा.

५) बांधलेले घर : तयार घर घेताना गंजून फुटलेले स्लॅब-कॉलम आणि नुकताच रंग मारून झाकलेल्या चिरा इंजिनीअरकडून तपासून घ्या.

बेणे घेताना आपण डोळा न् डोळा पाहतो. रान एकदा गेले की पुन्हा मिळत नाही. त्याचे पैसे घालताना निदान तेवढी पारख करावी, असे आम्हाला वाटते. इंजिनीअरची फी द्या, अहवाल लेखी घ्या आणि मगच इसार करा.