घडी कुठून घालायची?

प्रश्न : पेस्टलसाठी मिळणारे रंगीत ताव आणून मी स्केचबुकं घरीच शिवते. पण घडीवर कागद तडकतो, आणि पावसाळ्यात वही मिटली तरी आ वासून बसते. कागद वाईट, की माझंच काही चुकतंय? शिवाय या कागदावर जलरंग उठतच नाहीत, ते का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : कागद बहुधा चांगलाच आहे, घडी आडवी पडते आहे. यंत्रावर कागद होतो तेव्हा पाण्यातला लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि बरेचसे तंतू जाळीच्या दिशेनंच निजतात. म्हणून प्रत्येक तावाला एक रोख असतो. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं आणि आडवं फाडायला गेलं की भलतीकडे जातं, ते यामुळेच.

रोखाच्या दिशेनं घातलेली घडी मुकाट बसते. आडवी घातली तर तंतूच मोडावे लागतात. १६० जीएसएमचा जाड कागद तिथं तडकणारच. त्यातून दमट हवेत तंतू लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात. रोख शिवणीला समांतर असेल तर पान मोकळ्या कडेकडे वाढतं, कळतही नाही. आडवा असेल तर शिवणीनं धरलेल्या कागदाला पसरायला जागाच उरत नाही आणि पानं वर येतात. कोकणातल्या जुलैत तर विचारायलाच नको.

रोख ओळखणं सोपं आहे. ताव न दुमडता हलकेच वाकवा: आधी दोन्ही लांब कडा जवळ आणा, मग दोन्ही आखूड. ज्या वेळी जोर कमी लागेल, त्या वेळच्या बाकाची रेघ हाच रोख.

समजा, २२ × ३० इंची तावाचा रोख ३० इंची बाजूनं निघाला. सवयीनं आपण ताव तीनदा अर्धा दुमडतो आणि साडेसात × अकराची १६ पृष्ठं करतो. पण त्यातली अकरा इंची शिवण मूळच्या २२ इंची बाजूतून आलेली, म्हणजे नेमकी आडवी. त्याऐवजी ३० इंचांचे चार आणि २२ इंचांचे दोन भाग करून आठ तुकडे कापा. प्रत्येक तुकड्याची ११ इंची बाजू मधोमध दुमडा आणि चमच्याच्या पाठीनं घडी दाबा. चार-चार घड्या एकात एक घातल्या की एका तावात साडेपाच × साडेसातच्या, १६ पृष्ठांच्या दोन वह्या होतात. कव्हरच्या कागदाचा रोखही तसाच ठेवा.

काही पेस्टल कागदांची एक बाजू जाळीदार आणि दुसरी गुळगुळीत असते. अशा वेळी घड्या आळीपाळीनं उलटसुलट घाला. म्हणजे समोरासमोरची पानं एकाच पोताची येतील.

शिवायला घडीवर तीन भोकं पुरतात. दोरा बाहेरून मधल्या भोकात घाला, वरच्यातून बाहेर काढा, थेट खालच्यातून आत न्या आणि पुन्हा मधल्यातून बाहेर. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून त्यावर गाठ मारा.

आता जलरंग. ते पारदर्शक असतात. चित्रातला उजेड खालच्या पांढऱ्या कागदाचा असतो. कागदच करडा किंवा निळा असेल तर उजेड यायचा कुठून? इथं तो वरून द्यावा लागतो, पांढऱ्या पेस्टलनं किंवा पोस्टर कलरनं. आल्ब्रेख्त ड्यूररचं १५०८ मधलं जोडलेल्या हातांचं प्रसिद्ध रेखाटन पाहा. कागद निळा, सावल्या गडद, उजेडाच्या जागी पांढऱ्या रेघा; मधली छटा कागदानंच सांभाळली आहे. त्यामुळे फार उजळ किंवा फार गडद कागदापेक्षा मध्यम छटेचा घ्या. त्यावर काळं आणि पांढरं दोन्ही बोलतं.

हातकागद वापरलात तर रोखाची कटकट जवळपास नाहीच. साचा पाण्यातून उचलताना हलवला जातो, त्यामुळे तंतू सगळ्या दिशांना विखुरतात.

गठ्ठ्यानं ताव आणण्याआधी मात्र एक पट्टी अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून उन्हाच्या खिडकीत ठेवा. काही आठवड्यांत झाकलेला आणि उघडा भाग वेगळा दिसू लागला, तर तो कागद सरावालाच ठेवा. जपायची चित्रं त्यावर काढू नका.