हरल्यावर कुठे राहशील?

चिपळूण

चि. मृण्मयीस,



तुझं पत्र मिळालं. पक्षाच्या मंडळींनी आपल्या भागातून विधानसभेसाठी तुझी चाचपणी केली आहे आणि तू पुण्यात राहतेस म्हणून तुझं मन कचरतंय. 'जिथे मी राहत नाही तिथून उभं राहणं बरोबर का?' असं तू विचारलंस. तिकीट समोर दिसत असताना हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. तुला पडला, याचं मला मनापासून समाधान वाटलं. जन्मभर वर्गात नागरिकशास्त्र शिकवलं, तेव्हा उत्तर जरा सविस्तरच लिहिते.

तू वकील, कायदा तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे विधानसभेला उभं राहायचं तर राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की पुरे. लोकसभेला तर देशात कुठेही नाव असलं तरी चालतं. गावच्या ग्रामपंचायतीला मात्र त्याच गावच्या यादीत नाव लागतं. म्हणजे पद जितकं मोठं, तितकी राहण्याची अट सैल. हे उलटं वाटतं खरं, आणि आपल्याकडे दर निवडणुकीत कुणीतरी 'उमेदवार त्याच मतदारसंघाचा रहिवासी असलाच पाहिजे, तसा कायदा करा' असं म्हणतोच. मला ही मागणी पटत नाही.

असा नियम राज्यसभेसाठी होता. ज्या राज्यातून जायचं, तिथल्या मतदारयादीत नाव हवं. त्यातून निघालं काय? डॉ. मनमोहन सिंगांसारखा माणूस १९९१ साली आसाममधून राज्यसभेवर गेला, तो गुवाहाटीतल्या भाड्याच्या घराचा पत्ता दाखवून. ते तेव्हा अर्थमंत्री होते, पुढे पंतप्रधान झाले, पण तो पत्ता काही त्यांचं घर झाला नाही. २००३ साली ती अटच काढून टाकली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. राज्यांचा आवाज दुबळा होईल, ही त्या वेळची भीती अगदीच पोकळ होती असं मी म्हणणार नाही. पण कायद्याने घर मागितलं की लोक कागद देतात, एवढं त्यातून नक्की दिसलं.

याहून मोठं कारण बाबासाहेबांचं आहे. १९४६ साली मुंबई प्रांतातून त्यांना संविधान सभेत जाता आलं नाही. बंगालच्या विधिमंडळातून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पाठबळावर ते निवडून गेले. फाळणीमुळे ती जागा गेली, तेव्हा जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर १९४७च्या जुलैत मुंबईतून त्यांची निवड झाली. रहिवासाची अट तेव्हा काटेकोर असती, तर संविधान सभेचा दरवाजा त्यांच्यासाठी पहिल्याच पायरीवर बंद झाला असता. स्वतःच्या मुलखात ज्याला वाट मिळत नाही त्याला दुसऱ्या मुलखाने उचलून धरावं, ही लोकशाहीतली मोठी सोय आहे. ती आपण हातची घालवू नये.

आणि आपल्या कोकणाने तरी बाहेरच्या माणसाला नाकं मुरडू नयेत. राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून तीनदा बॅरिस्टर नाथ पै लोकसभेवर गेले. ते वेंगुर्ल्याचे, इथल्या मातीतले. १९७१च्या जानेवारीत ते वारले आणि त्यांच्या जागी लोकांनी मधू दंडवत्यांना निवडलं. दंडवते जन्माने अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे. त्याच मतदारसंघाने त्यांना १९७१ ते १९८९ या काळात लागोपाठ पाच वेळा लोकसभेत पाठवलं. कोकण रेल्वेचा प्रश्न त्यांनी लावून धरला. ते अर्थमंत्री असतानाच १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं आणि २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्ग सुरू झाला. आज तू पुण्यामुंबईची कामं आटोपून चिपळूण स्टेशनवर उतरतेस, ती नगरच्या माणसानेही जीव लावल्यामुळे. कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण १९६३ साली नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि ते संरक्षणमंत्री असताना ओझरला विमानांचा कारखाना आला. क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्याकडचे, पण १९६७ला बीडने त्यांना निवडून दिलं. या लोकांकडे 'कुठले?' म्हणून बोट दाखवायची कुणाची छाती झाली नसती, कारण आधीच्या आयुष्यभराच्या कामाने त्यांची ओळख पटलेली होती.

इथवर वाचून तुला वाटेल, आत्याने परवानगी दिली. थांब.

यशवंतराव किंवा दंडवते जे अपवाद होते, त्यांच्या आडोशाला आज भलतेच लोक उभे राहतात. आधीच्या मतदारसंघात नाव खराब झालं, आरक्षण पडलं, भावकीत तिकिटाची वाटणी जमली नाही, की शेजारचा तालुका शोधायचा. अशांना लोक पार्सल म्हणतात, ते उगाच नाही. आणि तुझ्या बाबतीतही स्वतःला विचार: पक्ष तुला का विचारतोय? तू शिकलेली आहेस, बोलतेस चांगली, घराण्याचं नाव आहे. पण या भागात तुझं स्वतःचं काम काय? ते उत्तर तुझ्यापाशी नसेल, तर तुझी नड पक्षाला आहे, इथल्या माणसांना अजून नाही.

राहण्याने काय मिळतं, हे मी २२ जुलै २०२१ला पाहिलं. त्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि दुकानांच्या वरच्या मजल्याला टेकलं. अशा वेळी इथला माणूस 'पाऊस किती पडला' एवढंच विचारत नाही. तो विचारतो, भरती किती वाजता आहे आणि कोयनेचं पाणी सुटलंय का. कारण कोयनेची पोफळीची वीजघरं चालली की त्यांतून सुटलेलं पाणी, म्हणजे अवजल, वाशिष्ठीतच येतं, आणि दाभोळच्या खाडीला भरती असली की नदीला पुढे जायला वाट उरत नाही. हे शहाणपण अहवाल वाचून येत नाही. घरातली पिंपं माळ्यावर चढवताना येतं.

पाणी ओसरल्यावर घराघरातून चिखल निघत होता. लोकांनी रेशनकार्डं, सातबारे, पोरांची प्रमाणपत्रं दोरीवर वाळत घातली होती. पाहणी दौरे झाले, मदतही आली. बाहेरून आलेल्या बचाव पथकांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण आमच्या आळीत पंचनामे सुरू झाले तेव्हा उपयोगी पडला तो एक माजी नगरसेवक. निवडणूक हरलेला, हातात कुठलंही पद नाही. तो तलाठ्याबरोबर दारोदार फिरत होता. घर मालकाच्या नावावर असलं की नोंद मालकाची व्हायची आणि भाडेकरू सुटायचा, मग त्याची शिलाई मशीन गेलेली असो की संसारच्या संसार. हा माणूस प्रत्येक दारात सांगायचा, 'मागच्या खोलीत अजून एक चूल आहे, ती लिहा.' कुठल्या घरात म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे, कुणाचा मुलगा गावाला नाही, हे त्याला विचारावं लागत नव्हतं. त्याच्याही घरात चिखल होताच. मृण्मयी, मला प्रतिनिधी म्हणजे काय ते त्या माणसाकडे पाहून कळलं. पुढे वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ उपसावा म्हणून चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले. ती मागणीदेखील चिखल काढलेल्या हातांतूनच निघाली होती.

तरीही नुसतं राहणं पुरेसं नाही. इथेच जन्मलेले, इथेच घर असलेले आणि कुणालाही न भेटणारे पुढारी तूही पाहिलेस. शिवाय मतदारसंघ म्हणजे एक गाव नव्हे. आपल्या जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर लोकसभेला रायगडात जातात. चिपळूण थेट सावंतवाडीशी जोडलेलं आहे. मावळच्या खासदाराला पिंपरी-चिंचवडही सांभाळायचं आणि घाट उतरून पनवेल-उरणही. कुठेही राहिला तरी बहुतेकांना तो लांबचाच. म्हणून मी उमेदवाराची पारख करताना त्याचा पत्ता विचारत नाही. मी विचारते, हा हरला तर कुठे राहील?

जो निकालाच्या दुसऱ्या दिवशी गाडी काढून निघून जाईल, त्याला इथली जागा हवी होती. जो राहील, त्याला इथली माणसं हवी होती. निवडून आल्यावर सगळेच राहतात, निदान फलक तरी लावतात. हरल्यानंतरच्या पाच वर्षांत माणसाची खरी नियत दिसते. या कसोटीला जन्मगाव लागत नाही, आडनाव लागत नाही, जात तर मुळीच लागत नाही. बाहेरून आलेला तिला उतरू शकतो आणि भूमिपुत्र नापास होऊ शकतो.

आता तुला काय करायचं ते सांगते.

पहिलं, पत्त्याचं खोटं करू नकोस. कुणीतरी तुला सांगेल, 'ताई, गावच्या घराचा पत्ता देऊन नाव इकडच्या यादीत आणून टाका, चांगलं दिसतं.' मतदारयादीच्या कायद्यात स्वच्छ म्हटलंय की केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, आणि खोटं निवेदन केलं तर शिक्षा आहे. पुण्याच्या यादीतल्या नावावर तुला उभं राहता येतं. तर मग तसंच लिही. आपण कुठून आलो हे लोकांपासून लपवून त्यांच्यापुढे हात जोडता येत नाहीत.

दुसरं, घाई नको. या वेळचं तिकीट सोडून दे. आधी घर उघड. एक पावसाळा, एक उन्हाळा इथे काढ. आषाढात वीज जाते तेव्हा राहा, वैशाखात वाडीवर टँकर येतो तेव्हा हंडा धरून रांगेत उभ्या बायकांशी बोल. इथल्या कोर्टात वकिली सुरू कर. वारसनोंदी अडलेल्या आहेत, कुळांच्या नावांचे घोळ आहेत, कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांच्या कित्येक घरांना अजून जमिनीच्या कागदासाठी फिरावं लागतं. वस्तीची एसटी बंद झाली की वरच्या वाड्यांतल्या मुलींची शाळा बंद होते, हे तुला वकील म्हणून आणि बाई म्हणून दोन्ही अंगांनी कळेल. यात जावईबापूंच्या नोकरीचा आणि पोरीच्या शाळेचा प्रश्न आहे, हे मला दिसतं. सोपं आहे असं मी सांगणार नाही. पण हजारो कुटुंबांनी आपला भार तुझ्यावर टाकावा अशी तुझी इच्छा असेल, तर त्याची थोडी झळ आधी तुझ्या घराने सोसावी, हे न्यायाचं आहे.

तिसरं, इथे वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणारा, बैठका घेणारा कार्यकर्ता असेलच. तुझ्या नावाची चर्चा ऐकून तो आतून दुखावला असेल. पक्षाच्या कार्यालयात जायच्या आधी त्याच्या घरी जा. तो लायक आहे असं दिसलं, तर तिकीट त्याला द्या असं तूच पक्षाला सांग आणि त्याच्या प्रचाराला ये. त्याने तू लहान होणार नाहीस.

चौथं, निवडून आलीसच, तर अधिवेशनं मुंबई-नागपूरला असतात, मंत्रालयात खेटे घालावे लागतात; तेव्हा आमदार कायम गावात दिसणार नाही, हे लोकांनाही समजतं. त्यांना राग येतो तो संपर्क कार्यालयात स्वीय सहायकच भेटतो याचा. प्रत्येक भागासाठी ठरलेला वार ठेव आणि त्या वारी खुर्चीत स्वतः बस.

या सगळ्याला तयार असशील, तर पुढच्या निवडणुकीत मी स्वतः तुझ्यासाठी दारोदार फिरेन. तू नगरची असतीस, नांदेडची असतीस, तरी फिरले असते. तयार नसशील, तर पुण्यात तुझ्या प्रभागात काम कर. तिथेही माणसंच राहतात आणि तुझं घर तिथे आहे. दोन्हीपैकी काहीही निवडलंस तरी माझी माया कमी होणार नाही. फक्त घर एकीकडे आणि मतं दुसरीकडे, असं करू नकोस.

जावईबापूंना नमस्कार सांग, पोरीला आशीर्वाद. विचार करून सावकाश लिही.

तुझी,
आत्या