एक हूक लोखंडावर

पोरा, टॉवरवर जायचा बेल्ट अंगात चढवण्याआधी तो उजेडात धर. पट्टीचा वीत-वीतभर तुकडा दोन्ही हातांत घेऊन उलटा वाकव, म्हणजे धागे वर येतात. कापलेला धागा, वितळून कडक झालेला डाग, शिवणीतून सुटलेलं टोक, उन्हाने उडालेला रंग, हे पट्टी सरळ असताना नजरेला पडत नाही. डी-रिंगवर चीर आहे का पाहा. बकल ओढून पाहा. हूकची जीभ दाबून सोड. ती आपोआप मिटली पाहिजे, बोटाने ढकलावी लागता कामा नये. लेबल वाच. त्यावर उत्पादनाची तारीख असते आणि आयएस 3521 किंवा युरोपचं ईएन 361 असं मानक असतं. लेबलच फाटून गेलं असेल तर त्या बेल्टचं वय कुणालाच सांगता येणार नाही, आणि असल्या पट्टीवर जीव टांगायचा नसतो. आणि ज्या बेल्टने एकदा कुणाला पडताना झेललं, तो दिसायला कितीही नवा असो, कापून टाक. नुसता बाजूला ठेवलास तर पुढच्या महिन्यात कुणीतरी तोच घालून वर जाईल.

बेल्ट ठेवायचा कुठे याकडे कुणी लक्ष देत नाही. साइटवर शेल्टरमध्ये बॅटऱ्यांच्या रॅकवर फेकलेले बेल्ट मी फार पाहिले. त्या बॅटऱ्यांत गंधकाचं आम्ल असतं. नायलॉनला आम्ल अजिबात सोसत नाही. थोडं जरी लागलं तरी पट्टीची ताकद जाते, आणि ती गेली हे वरून कळेलच असं नाही. पॉलिस्टर आम्लाला बरं टिकतं, पण सिमेंट-चुन्याच्या क्षाराने खराब होतं. तू कोणती पट्टी कशापासून जपायची याचा हिशेब करत बसू नकोस. बॅटरी, जनरेटरची खोली, सिमेंटची पोती आणि ऊन, या चारही ठिकाणी बेल्ट ठेवायचा नाही. कापडी पिशवीत घालून सावलीत टांगायचा.

घालताना मागची डी-रिंग दोन खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध आली पाहिजे. ती खाली कमरेकडे घसरली असेल तर पडल्यावर तू पुढे आडवा लोंबशील. मांडीच्या पट्ट्यात उघडा पंजा जावा, मूठ जाऊ नये. छातीची पट्टी छातीच्या मध्यावर. वर सरकली तर गळ्याशी येते. हेल्मेटला हनुवटीखालचा पट्टा हवाच. तो नसेल तर पहिल्या झटक्यात हेल्मेट निघून जातं आणि डोकं अँगलवर आपटतं. हे सगळं झालं की जोडीदाराकडे पाठ कर आणि त्याला तपासायला लाव. मागची रिंग आपल्याला स्वतःला दिसत नाही, म्हणून ही तपासणी एकट्याने पुरी होत नाही.

माझ्या उमेदवारीत आम्ही कमरेच्या पट्ट्यावर चढायचो. जुने लोक अजून म्हणतात, त्यात हालचाल मोकळी होते. त्यांचं बाकी खूप ऐक, हे ऐकू नकोस. पडताना कमरेचा पट्टा सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर देतो, माणूस मधोमध दुमडतो, कधी पट्ट्यातून उलटा निसटतोही. फुल बॉडी हार्नेस तोच झटका मांड्या, बूड आणि खांद्यांवर वाटून देतो आणि तुला उभा ठेवतो.

आता मुख्य गोष्ट. टॉवरवर माणूस नुसता बेल्ट नसल्यामुळे पडत नाही, बेल्ट अंगात असून हूक कुठेच नसल्यामुळेही पडतो. तुझ्या लॅनयार्डला दोन शेपट्या आहेत, दोन मोठे हूक आहेत. एक हूक लोखंडावर बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. चढताना, उतरताना, एका लेगवरून दुसऱ्या लेगवर जाताना, प्लॅटफॉर्मवर पाय टाकतानाही. प्लॅटफॉर्मवर पोचलं की माणसाला वाटतं, आता पायाखाली काहीतरी आहे, आणि तिथे दोन्ही हूक सुटतात. पाणी प्यायला, फोनवर फोटो काढून ऑफिसला पाठवायला, जोडीदाराला पाना द्यायला, अशा अगदी फुटकळ कामांत.

हूक लावायचा डोक्याच्या वर, निदान छातीच्या वर. कारण सांगतो. हूक पायाशी असेल आणि लॅनयार्ड 2 मीटरची असेल, तर तू साडेतीन मीटर मोकळा पडतोस, आणि दोरी ताणली जाते तेव्हा तुझा वेग ताशी 30 किलोमीटरच्या आसपास असतो. मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर फाटत उघडतो. तो उघडण्यासाठीच केलेला असतो, झटका 6 किलोन्यूटनच्या आत, म्हणजे साधारण 600 किलो वजनाएवढ्या ताणात राखायला. पण उघडताना तो पावणेदोन मीटरपर्यंत लांबू शकतो. आता बेरीज कर: लॅनयार्ड 2 मीटर, अ‍ॅब्सॉर्बर 1.75, मागच्या रिंगपासून तुझ्या तळव्यापर्यंत दीड मीटर आणि वर 1 मीटर राखीव. हूकच्या जागेपासून खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा हवी. म्हणजे टॉवरच्या पहिल्या टप्प्यात पायाशी हूक लावलास तर दोरी ताणली जाण्याआधी किंवा अ‍ॅब्सॉर्बर पुरता उघडण्याआधी तू जमिनीवर असशील. इमारतीच्या गच्चीवरच्या छोट्या पोलवर तर नेहमीच हा प्रश्न असतो. लोक म्हणतात, पोल बुटका आहे, पटकन चढून येतो. बुटक्या पोलवर बेल्टला आपलं काम करायला जागाच नसते, म्हणून तिथे वरून बांधलेली सेफ्टी रोप आणि तिच्यावर चालणारा रोप ग्रॅब किंवा आपोआप आखडणारा फॉल अरेस्टर लागतो.

कशाला हूक लावायचा हेही महत्त्वाचं. मेन लेगला आडवा अँगल जिथे बोल्टने जोडलेला आहे, त्या सांध्याच्या वर. तिरक्या पट्टीला हूक लावलास तर पडताना तो घसरत खालच्या टोकापर्यंत जाईल आणि पडण्याची उंची तेवढी वाढेल. केबल ट्रे, फीडर केबल, अँटेनाचा माउंटिंग पाइप, दिव्याचा पाइप, ही वजन झेलायची ठिकाणं नाहीत. कोकणात रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात खारं वारं जस्ताचा थर खाऊन टाकतं. तिथे पांढऱ्या पावडरीखाली तांबडा गंज दिसला की त्या स्टेप बोल्टवर आधी हाताने जोर देऊन पाहा, मग पाय. अँगलच्या धारेवरून लॅनयार्डची पट्टी आडवी ताणली जाऊ देऊ नकोस. हूकची जीभ लोखंडावर टेकून वाकडा ताण येतो तोही धोक्याचा. हूक आपल्या कण्यावर ओढला गेला पाहिजे, जिभेवर नाही.

एक सवय मी पोरांच्या हातातून अजून सोडवतो आहे. एक हूक लोखंडाला लावला की दुसरा लोंबू नये म्हणून तो कमरेच्या बाजूच्या डी-रिंगला अडकवतात. दिसायला नीटनेटकं दिसतं. पण पडल्यावर अ‍ॅब्सॉर्बर उघडायला लागतो आणि दुसरी शेपटी ताणून मध्येच त्याला थांबवते. मग अ‍ॅब्सॉर्बर असून नसल्यासारखा, सगळा झटका थेट कमरेवर. मोकळा हूक ठेवायला छातीच्या पट्टीवर एक हलका फासा दिलेला असतो, ताण आला की तो सुटतो. तिथेच ठेव. तुझ्या बेल्टला असा फासा नसेल तर ती शेपटीही वर लोखंडालाच लाव.

दोन्ही हात मोकळे करून काम करायचं तेव्हा बाजूच्या दोन रिंगांना पोझिशनिंगचा पट्टा लावून लेगभोवती वळसा घालतोस आणि मागे रेलतोस. आराम वाटतो, अंगाला भरवसा येतो. पण तो पट्टा झेलण्यासाठी नाही, रेलण्यासाठी आहे. त्याच्या जोडीला मागच्या रिंगची लॅनयार्ड वर लावलेली असलीच पाहिजे.

तू म्हणशील, एवढं करत बसलो तर दिवसाला एकच साइट होईल. होऊ दे. आपल्याकडे पुष्कळांना साइटमागे पैसे मिळतात, दिवसामागे नाही, आणि हूक सुटण्याचं खरं कारण तिथे आहे. माणूस आळशी असतो म्हणून नव्हे, तर संध्याकाळच्या आत तिसरी साइट गाठायची असते म्हणून प्रत्येक पावलाला दोन वेळा हात वर नेणं त्याला परवडत नाही. ठेकेदाराशी बोलताना हे तोंडावर बोललं पाहिजे. आणि बोलायचंच आहे तर एक कागदही करून घे. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याने वायरलेस, रेडिओ, दूरदर्शन आणि टेलिफोनच्या बांधकामांवर राबणाऱ्यांनाही बांधकाम कामगार मानलं. वय 18 ते 60 असेल आणि वर्षात 90 दिवस काम झालं असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवता येतं. आपल्या टॉवरवाल्या पोरांपैकी फार थोड्यांनी ते नोंदवलं आहे, याचं मला वाईट वाटतं.

उतरताना जास्त जप. चढताना हात ताजे असतात, मन जागं असतं. उतरताना काम झालेलं असतं, पिंढऱ्या थरथरतात, डोळ्यांसमोर जेवण असतं. विदर्भात मे महिन्यात दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. तिथे काम सकाळी उरकायचं, आणि वर असताना तोंड कोरडं पडून गरगरलं तर तिथेच दोन्ही हूक लावून बस, खाली हाक दे, एकट्याने उतरायला निघू नकोस.

मराठवाड्यात वळवाच्या दिवसांत आभाळ पाहून चढायचं. वीज दिसल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोज. आवाज एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेतो. 30 च्या आत ऐकू आला तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुझ्यापर्यंत पोचेल इतक्या अंतरावर. तेव्हा ‘एवढे दोन बोल्ट आवळून येतो’ म्हणायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, मगच पुन्हा चढायचं. टॉवरच्या टोकाला लायटनिंग अरेस्टर असतो, पण तो यंत्रं वाचवायला आहे. लोखंडाला बिलगलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

आग्या मोहोळाचं कुणी पुस्तकात सांगत नाही. उंच कडा, उंच झाड किंवा टॉवर, या माशांना सगळं सारखंच. चढण्याआधी टॉवरभोवती एक फेरी मारून खालून नीट पाहा, जमलं तर दुर्बिणीने. पोळं दिसलं तर काम थांबलं. धूर करू नकोस, दगड मारू नकोस, रात्री पेटवायला जाऊ नकोस. या माशा झुंडीने पाठलाग करतात, आणि जमिनीवरचा माणूस पळू तरी शकतो. वर हूक लावलेल्याला जागा सोडता येत नाही. डंखांच्या आगीतून सुटायला हूक काढणारा माणूस मग माशांनी मरत नाही, पडून मरतो. मोहोळ काढणारी जाणती माणसं असतात, त्यांना बोलव.

अँटेनाच्या तोंडासमोर काम असेल तर आधी तो सेक्टर बंद करून घे आणि बंद झाल्याचं फोनवर ऐकून घे. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून मोबाइल टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली, पण ती मोजतात लोक राहतात-वावरतात तिथे. तू अँटेनापासून हातभर अंतरावर असतोस.

पाना, नट, बोल्ट सगळं दोरीने बांधलेलं किंवा बंद पिशवीत. 40 मीटरवरून सुटलेला नट खाली पोचतो तेव्हा ताशी 100 किलोमीटरच्या वेगात असतो, आणि खाली तुझाच ग्राउंडमन उभा असतो. टॉवरच्या पायाभोवती दोरी बांधून जागा मोकळी ठेव. गावातली पोरं बघायला जमतात, त्यांना लांब बसव.

आता पडल्यानंतरचं. बेल्टने तुला झेललं म्हणजे तू वाचलास असं नाही. निश्चल लोंबत राहिलं की रक्त पायांत साठतं, मेंदूला कमी पडतं, आणि काही मिनिटांतही शुद्ध जाऊ शकते. म्हणून शुद्धीवर असशील तर पाय हलवत राहा, जमलं तर बेल्टच्या रिलीफ स्ट्रॅपमध्ये किंवा दोरीच्या फासात पाय देऊन उभा राहा. जुने लोक सांगायचे, खाली आणलेल्या माणसाला आडवं करू नका, बसवून ठेवा, नाहीतर रक्त एकदम हृदयाकडे येऊन तो जातो. मीही कधीकाळी हेच शिकलो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने 2009 मध्ये त्यामागचे पुरावे तपासून घेतले, तेव्हा त्या समजाला आधार सापडला नाही. खाली आणा, आडवं झोपवा, श्वास पाहा, नेहमीचे प्रथमोपचार करा आणि दवाखान्यात न्या.

पण खाली आणणार कोण? 108 ची गाडी टॉवरच्या पायाशी येते, वर येत नाही. अग्निशमन दलाची शिडी डोंगरावरच्या साइटपर्यंत पोचत नाही. त्याला खाली आणू शकतो तो फक्त तुझा जोडीदार, ज्याने बेल्ट घातला आहे, ज्याच्याकडे टॉवरच्या उंचीला पुरेल इतका दोर आणि उतरवण्याचं साधन आहे आणि ज्याने ते आधी जमिनीजवळ करून पाहिलं आहे. नुसता खाली उभा राहून वर बघणारा दुसरा माणूस हा जोडीदार नव्हे. चढण्याआधी त्याला विचार, मी लोंबलो तर तू काय करशील? त्याला क्रमाने सांगता आलं नाही तर दोघं मिळून आधी ते ठरवा. साइटचं गाव, फाटा आणि जवळची खूण कागदावर लिहून त्याच्या खिशात दे, म्हणजे 108 ला फोन लावल्यावर त्याला आठवत बसावं लागणार नाही.

आणि ठेकेदाराने ‘छोटंसंच काम आहे, एकटाच जाऊन ये’ म्हटलं, तर जाऊ नकोस. नाही म्हण, आणि का नाही ते त्याला मोबाइलवर लिहून पाठव.