रिपोर्टला वेळ का लागतो? गुणसूत्र तपासणीची गोष्ट

बाळाचे अंग ढिले, डोळे वरच्या बाजूला तिरपे दिसले की डॉक्टर डाऊन सिंड्रोमची शंका घेतात आणि रक्ताची गुणसूत्र तपासणी लिहून देतात. चिठ्ठीवर तिचे नाव 'कॅरिओटाइप' असते. साखरेचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग याला दोन-तीन आठवडे कशाला, असे मानखुर्दच्या आयाबाया आम्हाला विचारतात.

तांबड्या रक्तपेशी सोडल्या तर शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा धागा असतो. एका पेशीतला सगळा धागा सरळ केला तर सुमारे २ मीटर भरेल. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांवर तो रिळासारखा गुंडाळलेला असतो, एकेका गोळीवर पावणेदोन वेढे. एरवी ही माळ सैल असते, कारण पेशीला त्यावरची माहिती रोज वाचावी लागते.

पेशीची वाटणी व्हायची असते तेव्हा मात्र सैल धागा चालत नाही. रुळालगतची झोपडी सोडून लल्लूभाई कंपाउंडमध्ये आलेल्यांना हे वेगळे सांगायला नको: पसरलेले सामान हलत नाही, आधी बोचकी बांधावी लागतात. पेशी अगोदर धाग्याची नक्कल काढते. मग कंडेन्सिन नावाची प्रथिने त्याचे वळसे घालून तो आवळतात. साडेआठ सेंटिमीटरचा धागा मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागात बसतो. ही बोचकी म्हणजेच गुणसूत्रे. माणसात ती ४६ असतात, हे १९५६ साली नक्की झाले.

बोचकी बांधलेली असतानाच ती मोजता येतात. म्हणून प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस वाढवतात. त्यांना वाटणीला लावायला राजम्यातून काढलेला पदार्थ घालतात आणि ऐन वाटणीत कोल्चिसिनने थांबवतात. (आपल्या कळलावीच्या विषारी कंदातही हेच असते.) मग रंग देऊन, फोटो काढून एकेक जोडी लावतात. हे घाईचे काम नव्हे. या तपासणीला उपाशीपोटी जावे लागत नाही.

डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात. बहुतेक वेळा आईचे बीज तयार होताना वाटणीत एक जास्त जाते. वय वाढते तशी शक्यता वाढते, पण विशीतल्या आईलाही असे मूल होते. ग्रहणात भाजी चिरली म्हणून किंवा कुणाची नजर लागली म्हणून हे होत नाही. सुनेला बोल लावणाऱ्या घरात हे मोठ्याने वाचावे.

थोड्या मुलांत मात्र २१ चा जास्तीचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. तो आईकडून आलेला असू शकतो, तसाच बापाकडूनही. रिपोर्टमध्ये असे निघाले तर पुढच्या मुलाचा विचार करण्याआधी दोघांचेही रक्त तपासावे लागते. तेव्हा 'माझे कशाला?' म्हणणाऱ्या नवऱ्यालाही सोबत न्या.

अशा जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, म्हणजे इकोसाठी, या रिपोर्टची वाट पाहत बसू नका. डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.