डिपस्टिक आपली, ब्रेक मेस्त्रींचे

चतुर्थीला मुंबईहून आलेली गाडी कसालला महामार्ग सोडून मालवणकडे वळते, तेव्हा ती साडेचारशेच्या आसपास किलोमीटर धावलेली असते. पुढचे आठ दिवस ती पावसात, खाऱ्या वाऱ्यात उभी. त्यात बॉनेट उघडलं की वाडीतले चार जण चार निदानं सांगणार.

काय करावे

• ऑइल स्वतः बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, मग वाचा. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. काठीवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र चावी फिरवू नका, मेस्त्रींना बोलवा.

• हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा. स्टेपनी विसरू नका.

• रोज सकाळी बॉनेट उघडा. घराशेजारी भात साठवलेलं असेल तर उंदीर वायरी सोडत नाहीत. आमची गाडी एकदा चढावर दम टाकू लागली. दोघांनी इंजेक्टर बदलायला सांगितलं. एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत सोडणाच्या काथ्याचं अख्खं घरटं! चार क्लिपा आणि एक जुना ब्रश, एवढंच काम.

• मेस्त्रींना लक्षणं सांगा, निदान नको. ‘पॅड बदला’ नव्हे. ‘सकाळी पहिल्या ब्रेकला डावीकडून कर्र वाजतं’ असं. बदललेला पार्ट परत मागा. ‘मेस्त्रीनू, वायच दाखवा बघूया’ म्हटलं की चांगला मेस्त्री रागावत नाही. रागावला तर दुसरा शोधा.

• किनाऱ्यावरून परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा.

काय टाळावे

• गरम रेडिएटरची टोपी. फडकं धरूनही नको.

• पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करणं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा.

• नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरणं. जांभ्या चिऱ्याचा टेकू तर नकोच, तो न सांगता फुटतो. चिरा चाकामागे लावा, तिथे तो कामाचा.

• मोबाइलवर व्हिडिओ बघून ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग उघडणं. इथे हौस नको, पैसे मोजा.

• ‘पेडल थोडं खाली जातं, पण लागतो ब्रेक’ यावर विसंबणं. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होऊन पेडल पोकळ होतं. बहुतेक गाड्यांत ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल, तर घाटाच्या वाटेला लागण्याआधी दाखवून घ्या.