रखमाबाईंचा नकार

मुंबईच्या रखमाबाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या आणि जाणत्या झाल्यावर सासरी जाण्यास त्यांनी नकार दिला. इ. स. १८८४ मध्ये दादाजींनी न्यायालयात दावा लावला. अजाण वयात, आपली संमती न घेता झालेला विवाह आपणांस बंधनकारक नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु पुढे अपील होऊन १८८७ साली निराळीच आज्ञा झाली : पतीच्या घरी जावे, अन्यथा तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली! अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या व परत येऊन त्यांनी सुरत आणि राजकोट येथे रुग्णसेवा केली.

या खटल्याने देशभर विचारमंथन झाले. १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षे झाले. सुधारणा लहान होती. परंतु तिच्यामागील प्रश्न मोठा होता. जो कायदा दोघांना बांधतो, त्याने दोघांचेही म्हणणे ऐकावयास नको काय? एकाचेच ऐकून दिलेला निर्णय रूढीला धरून असेल. त्याला न्याय म्हणता येत नाही.