पोरं म्हणतात, बंदूक शिकायची

मालेगाव, मानोरा, मंगरूळपीरकडच्या शेतकरी घरांत बंदुकीचा विषय ऑलिम्पिकमुळे निघत नाही, रोह्यांमुळे निघतो. सोयाबीन वर आलं की रोही, तूर भरायला लागली की रानडुकरं, आणि बाबांची रात्र जागलीवर. नववी-दहावीतलं पोरगं सोबत जातं, फटाके फोडतं, डबे वाजवतं आणि एक दिवस म्हणतं, ‘बाबा, आपण बंदूक घेऊ ना.’ वाशीम शहरात तोच हट्ट मोबाइलवरच्या खेळातून येतो. आईच्या पोटात दोन्हीकडे सारखाच गोळा येतो. माझं सांगणं एवढंच, की हा हट्ट दडपू नका. त्याला वावरातून उचला आणि दहा मीटरच्या रेंजवर नेऊन ठेवा.

वावराचं आधी बोलू. शिकार हा आपल्याकडे छंदही नाही आणि करिअरही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. कारंजा-सोहोळचं अभयारण्य ज्याच्यासाठी राखलंय, ते काळवीट या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं आणि त्याच्या शिकारीला किमान तीन, कमाल सात वर्षांची कैद आहे. ससा आणि तितर मारणंही गुन्हाच. पिकाची नासाडी करणाऱ्या रोही-डुकरांबाबत वन खात्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण ते काम परवानाधारक मोठ्या माणसाचं आहे, शिकाऊ पोराचं नाही. ‘मित्राच्या मामाकडे आहे, एकदा जाऊन बघतो’ हे वाक्य कानावर आलं तर तिथेच थांबवा. आपल्या जिल्ह्यात पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं गावोगावी दिसतात. भरतीनंतर चारित्र्य पडताळणी होते आणि तिथे वन खात्याचा गुन्हा लपत नाही.

शस्त्र कायदा 1959 चा. स्वतःच्या नावावर बंदूक घ्यायला वय 21 पूर्ण लागतं. खेळासाठी मात्र दार लवकर उघडतं. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार बारा वर्षांवरची मुलं नेमबाजी शिकू शकतात. सुरुवात ज्या 4.5 मिलिमीटरच्या एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाने होते, त्यांना परवाना लागत नाही. म्हणून ती खेळणी ठरत नाहीत. त्यांच्या छऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि त्याच एअरगनने झाडावरचा पक्षी पाडला तर ती शिकारच.

आता रेंज. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साठ छर्रे, पंचाहत्तर मिनिटं. या वेळातला बहुतेक भाग मुलं बंदूक चालवतच नाहीत. ती उभी राहतात, श्वास सोडतात, रायफल उचलतात, मनासारखं जमलं नाही तर पुन्हा खाली ठेवतात. चित्रपटातला थरार शोधायला आलेलं पोर दोन आठवड्यांत कंटाळतं आणि घरी बसतं. तेही चांगलंच, कारण मोठा खर्च व्हायच्या आत उत्तर मिळालं.

पालकांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते सुरक्षिततेच्या शिस्तीकडे. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नळी कायम लक्ष्याकडे, चेष्टेतही माणसाकडे नाही. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. नळीतून आरपार घातलेली भडक रंगाची दोरी, म्हणजे सेफ्टी फ्लॅग, बंदूक रिकामी असल्याची खूण असते आणि सराव चालू नसताना ती नळीतच असायला हवी. ‘स्टॉप’ असा आदेश आला की त्या क्षणी सगळे थांबतात, मग पुढचा छर्रा विक्रमाचा का असेना. रायफलच्या हवेच्या नळकांड्यात सुमारे दोनशे बार दाब असतो. त्यावर वापराची मुदत छापलेली असते, ती बघायची. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. बंदूक घरी आणायची वेळ आली तर ती कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडे. पाहुण्यांना दाखवायला, वाढदिवसाच्या फोटोला, लग्नाच्या वरातीत ती बाहेर येणार नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पैशाचं स्पष्ट बोलू, कारण सत्काराच्या भाषणांत ते कुणी बोलत नाही. स्पर्धेची परदेशी एअर रायफल लाखांत जाते. वर जाड कॅनव्हासचं जॅकेट, पँट, बूट, आणि वाढत्या वयातल्या मुलाला हे कपडे लवकर आखूड होतात. पिस्तुलाला असा पोशाख लागत नाही, त्यामुळे सुरुवात स्वस्तात होते. पहिलं वर्ष क्लबच्या बंदुकीवरच काढावं. सोयाबीनचे पैसे हातात आले म्हणून दिवाळीत रायफल घेऊ नका. शेत विकून किंवा कर्ज काढून तर नकोच.

पुढे काय, हा प्रश्न बाबा विचारणारच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शिक्षकाचा मुलगा. तो 2009 मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. पॅरिसमध्ये 1 ऑगस्ट 2024 ला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्य जिंकलं. पात्रता फेरीत तो सातवा होता. प्रबोधिनीपासून पदकापर्यंत पंधरा वर्षं गेली आणि त्यातली बरीच वर्षं घर चालवायला रेल्वेची नोकरी होती. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, तरी तिला ऑलिम्पिक मिळालं ते थेट टोकियोत, वयाच्या चाळिशीत. ज्या प्रोन, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात तिने जग जिंकलं, तो महिलांसाठी ऑलिम्पिकमध्येच नव्हता. प्रकार निवडताना हे प्रशिक्षकाला विचारावं. मुलीच्या आईबाबांनी अंजली भागवतचं नाव लक्षात ठेवावं. एनसीसीतून आलेली ही मुंबईची मुलगी 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठून आली.

पदकाशिवायही काही हाती लागतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, सैन्य आणि निमलष्करी दलांत खेळाडूंची भरती होते. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळू शकतात. मात्र स्पर्धा मान्यताप्राप्त हवी आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी व्हावी लागते. कुठल्याशा ‘राष्ट्रीय’ स्पर्धेचं चकचकीत प्रमाणपत्र पैसे भरून मिळतं, ते नोकरीच्या वेळी कागदच राहतं. नेमबाजीची देशपातळीवरची संघटना म्हणजे 1951 ची नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष होते आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नेमबाजांत ‘मावळंकर’ म्हणूनच ओळखली जाते. प्रमाणपत्रावरची संघटना तिच्याशी संलग्न आहे का, हे आधी बघा.

सुरुवात वाशीमच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून करा. शालेय स्पर्धेत नेमबाजी कुठल्या वयोगटात आहे, नोंदणीची तारीख काय आणि जवळची मान्यताप्राप्त रेंज कुठली, हे तिथे विचारा. शाळा-महाविद्यालयात एनसीसी असेल तर नाव घाला, फायरिंगची पहिली ओळख तिथे फुकट होते. अकोल्याला जावं लागलं तर रोज धावपळ करू नका. शनिवार-रविवार रेंज आणि उरलेले दिवस घरी तोल, श्वास आणि पाठीच्या व्यायामाचा सराव, दहावीच्या वर्षात तर एवढंच.

रेंजवर पहिल्या दिवशी प्रवेश अर्ज भरू नका, तासभर मागे खुर्ची टाकून बसा. प्रशिक्षक नव्या मुलाच्या हातात बंदूक देण्याआधी नियम सांगतो का? कुणाची नळी बाजूला वळली तर ओरडतो का, की हसून सोडून देतो? भिंतीवरचे चषक मोजण्याआधी हे बघा. तो हसून सोडून देणारा असेल तर पोराला घेऊन परत या आणि दुसरी रेंज शोधा.